धर्मभगिनी होण्याची ओढ खरी की लग्नाची धास्ती, हे कसे ओळखावे?

प्रश्न : सावंतवाडीची एक वाचक

मी २६ वर्षांची कॅथलिक मुलगी असून रत्नागिरीतील एका रुग्णालयात परिचारिका आहे. धर्मभगिनी, म्हणजे मठातली सिस्टर (नन), होण्याचा विचार बऱ्याच दिवसांपासून मनात आहे. परंतु घरी स्थळे येऊ लागली त्याच सुमारास तो बळावल्यामुळे मला माझाच संशय येतो. शैक्षणिक कर्ज अजून फिटायचे आहे आणि आईवडिलांना मी एकुलती एक. हे देवाचे पाचारणच आहे अशी पुरती खात्री पटेपर्यंत कोणाजवळ बोलू नये, असे वाटते. ते बरोबर आहे का?

उत्तर : एक धर्मभगिनी

अशी खात्री घरी बसून पटत नाही आणि ख्रिस्तसभाही (कॅथलिक चर्चही) ती आधी मागत नाही. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार, नॉव्हिशिएट (व्रते घेण्याआधीचा उमेदवारीचा काळ) किमान १२ महिन्यांचे असते. त्या काळात मुलगी केव्हाही घरी परतू शकते आणि धर्मसंघही (ती ज्या सिस्टरांच्या संस्थेत दाखल झाली ती संस्थाही) तिला परत पाठवू शकतो. त्यानंतरची दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही व्रते सुरुवातीला ठरावीक मुदतीची असतात. ही मुदत ३ ते ६ वर्षांची असून ती वाढवली तरी एकूण काळ ९ वर्षांपुढे जात नाही. आजीवन व्रते त्यानंतरच घेतली जातात. एवढा मोठा काळ राखून ठेवला आहे तो पारख करण्यासाठीच, आणि ती दोन्ही बाजूंनी व्हायची असते.

आता तुमच्या संशयाविषयी. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत जखमी होऊन अंथरुणाला खिळलेल्या, पुढे संत झालेल्या इग्नेशियस लोयोला यांच्या ध्यानात असे आले की, दरबारी पराक्रमाची स्वप्ने रंगवताना मन सुखावते खरे, पण नंतर कोरडे पडते. संतांसारखे जगण्याचा विचार केला की मात्र त्यानंतरही प्रसन्नता टिकते. तुम्हीही विचार मनात आल्या क्षणाकडे नव्हे, त्याच्या मागून काय उरते त्याकडे पाहावे. एखादे खरोखर चांगले स्थळ आले आहे अशी कल्पना करून पाहा. मग सिस्टरांचा दिवसही डोळ्यांसमोर आणा, पण त्यात पोशाख आणि गायन एवढेच नको. पहाटेची प्रार्थना, वरिष्ठांच्या एका पत्राने होणारी बदली आणि जिच्याशी आपले जमत नाही अशा भगिनीच्या शेजारी बसून रोजचे जेवण, हेही असू द्या. पाहुणे माघारी गेल्यावर ओढही ओसरत असेल, तर ती लग्नाचीच धास्ती होती असे समजायला हरकत नाही. ज्यांना संसार नकोसा वाटतो म्हणून मठ हवा असतो, त्यांना मठातही संसारच भेटतो, तोही न निवडलेल्या माणसांचा! लग्न ही मोलाची गोष्ट आहे हे मनापासून पटत असूनही ती सोडावीशी वाटणे, ही मला अधिक विश्वासार्ह खूण वाटते. मन उदास आणि प्रार्थना नीरस असताना मात्र आधीचा निर्णय बदलू नये, हा इग्नेशियस यांचाच नियम आहे.

तुम्ही परिचारिका आहात म्हणून धर्मसंघ तुम्हाला रुग्णालयातच नेमेल, असे गृहीत धरू नका. कार्मेलसारख्या चिंतनशील, म्हणजे केवळ प्रार्थनेला वाहिलेल्या, मठात तर बाहेरची सेवाच नसते. एखाद्या धर्मसंघात काही दिवस राहून या, आणि त्याआधी एखाद्या अनुभवी आध्यात्मिक मार्गदर्शकाशी नियमित बोलायला लागा.

उत्तर : धर्मविधीचा अभ्यासक

कर्जाचा मुद्दा गौण समजू नये. जी व्यक्ती कर्जबाजारी असून ते फेडण्यास असमर्थ आहे, तिला नॉव्हिशिएटमध्ये घेऊ नये असे संहिता सांगते. नोकरी चालू ठेवून हप्ते फेडावेत आणि पहिल्याच भेटीत ही बाब मोकळेपणाने सांगावी.

उत्तर : वसईचा एक बाप

बाय, माझी मुलगी व्रतस्थ आहे, म्हणून लिहितो. आईवडिलांना आधाराची खरी गरज असेल आणि दुसरे कोणी बघणारे नसेल, तर मुलाने त्यांना सोडून मठात जाऊ नये, असे १३ व्या शतकात चर्चचे थोर धर्मपंडित संत थॉमस अक्विनास यांनीच म्हटले आहे. पण गरज वेगळी आणि एकटेपणा वेगळा. त्यांचे उत्पन्न, आजारपण, म्हातारपणी जवळ कोण राहील, हे त्यांच्याशी बसून बोल. सिस्टरांनी मार्गदर्शक आधी सांगितला. मी म्हणेन, आई आधी. रविवारच्या मिस्सेनंतर (चर्चमधील उपासनेनंतर) चर्चच्या आवारात ही बातमी तुझ्याआधी तिच्यापर्यंत पोहोचली, तर तिला तुझ्या निर्णयापेक्षा तू लपवलेस याचेच दुःख अधिक होईल. आणि मुलगी परत आली तर लोक काय म्हणतील, ही भीती तिने बोलून दाखवली, तर वर सिस्टरांनी मुदतीविषयी जे लिहिले आहे ते तिला वाचून दाखव.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. बाबांची प्रकृती ठीक आहे, पण आईला मधुमेह आहे, तेव्हा तिच्याशीच प्रथम बोलेन. सिस्टर, आईवडील आजारी पडल्यास घरी येऊन राहण्याची मुभा किती मिळते, हे धर्मसंघाला पहिल्या भेटीतच विचारले तर गैर दिसेल का?

धर्मभगिनी

अजिबात नाही. प्रत्येक धर्मसंघाचे याविषयीचे नियम निराळे असतात, म्हणून अवश्य विचारा. जिथे या प्रश्नाला सरळ उत्तर मिळणार नाही, तिथे राहायला जाण्याची घाई करू नका.