मदत हवी आहे: अडीच वर्षांच्या मुलाला गायीचं दूध किती द्यायचं, आणि द्यायचं तरी का?

उंबरठा:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लावून विचारतेय, सांभाळून घ्या. लेक अडीच वर्षांचा आहे, आम्ही पुण्यात, सासूबाई आमच्याकडेच असतात. पोरगा दुधाचा नुसता वेडा. उठल्या उठल्या बाटली, प्लेग्रुपमधून आला की बाटली, झोपताना बाटली आणि मध्ये जेवला नाही की "पोटात काहीच नाही गं बिचाऱ्याच्या" म्हणून अजून एक. पिशवीचं गायीचं दूध, दिवसाला लिटरभर सहज जातं. जेवणाच्या नावाने बोंब, वरणभाताचे चार घास खाल्ले तर खाल्ले, पोळी दिसली की तोंड फिरवतो. दिसायला गुटगुटीत आहे त्यामुळे कुणाला कधी काही वाटलं नाही, पण हल्ली पांढुरका दिसतो, सारखी किरकिर, आणि कुंडीतली माती खाताना दोनदा पकडला म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं तर हिमोग्लोबिन ८.७ आलं. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवतं ते) पण खाली आहे. लोहाचं सिरप दिलंय आणि दूध निम्म्याच्याही खाली आणा म्हणाले. बाहेर पेशंटची ही गर्दी, त्यामुळे दुधाचा नि रक्ताचा संबंध काय ते विचारायचं राहून गेलं.

आता घरी महाभारत चालू आहे. सासूबाई म्हणतात दूध म्हणजे पूर्णान्न, आमची मुलं दुधावरच पोसली, दुधाने कधी कुणाचं रक्त कमी झालंय का. नवरा म्हणतो दूध कमी नको करू, गाय बदल, ही जर्सीची दुधं सगळी ए१ (दुधातल्या प्रथिनाचा एक प्रकार) असतात, आपण देशी गायीचं ए२ लावू (लिटरला शंभराच्या वर!). जाऊबाई वेगळ्याच, त्यांच्या मते गायीचं दूध वासरासाठी असतं, माणसाने पिऊच नये, बदामाचं दूध दे. मला स्वतःला कपभर दूध प्यायलं की पोट टम्म फुगतं, दही-ताक मात्र चालतं, त्यामुळे जाऊबाईंचं थोडं पटतं पण. आम्ही शाकाहारी, अंडं खातो. तर दूध खरंच चांगलं की वाईट, किती द्यायचं, आणि कमी केलं तर कॅल्शियमचं काय? अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा.

पिंगळा:
मी बालरोगतज्ज्ञ नाही, पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, असे रिपोर्ट रोज बघतो. गुटगुटीत, पांढुरकं, माती नाहीतर भिंतीचा चुना खाणारं आणि दुधावर असलेलं मूल, हे चित्र इतकं कॉमन आहे की डॉक्टरांना दुसरं काही विचारावं लागलं नसणार. गायीच्या लिटरभर दुधात लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या तक्त्यात १ ते ३ वर्षांच्या मुलाला रोज ८ मिलिग्रॅम लोह सांगितलंय. वर दुधातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन जेवणातलं जे काही थोडं लोह असतं तेही नीट शोषू देत नाही. आणि खरी गोम पुढे आहे, लिटरभर दुधात साधारण साडेसहाशे कॅलरी असतात आणि या वयाच्या मुलाची दिवसाची गरज हजारच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त पोट दुधानेच भरलं, मग भूक कुठून लागणार? तो जेवत नाही म्हणून तुम्ही दूध देता, आणि दूध प्यायलाय म्हणून तो जेवत नाही.

कॅल्शियमची काळजी सोडा. १ ते ३ वयाला ५०० मिलिग्रॅम पुरतं आणि १०० मिली गायीच्या दुधात १२० च्या आसपास असतं. ४०० मिली दिलंत की काम झालं, आत्ता तो दुपटीहून जास्त घेतोय.

सासूबाईंना हेही सांगा की हे तुमच्याच घरात घडलेलं नाही. एनएफएचएस-५ मध्ये, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, महाराष्ट्रातली ६ महिने ते ५ वर्षांची ६८.९ टक्के मुलं ॲनिमिक निघाली. त्याला कारणं बरीच आहेत, सगळं दुधावर ढकलता येणार नाही, पण खाऊनपिऊन सुखी घरात दूध हे कारण बऱ्याचदा सापडतं. एक मात्र, रिपोर्टात एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) कमी असेल तर थॅलेसेमिया मायनर (रक्ताचा आनुवंशिक दोष) नाही ना हे डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, तिथेही रिपोर्ट थोडाफार असाच दिसतो. फेरिटिन कमी आहे म्हणजे लोहाचीच कमतरता आहे, तरी सिरपने हिमोग्लोबिन वर सरकलं नाही तर बघावं लागेल.

गोठेवाला:
राम राम ताई. आमच्याकडे एचएफ (होल्स्टीन) आणि जर्सी क्रॉस गाया आहेत, दूध डेअरीला घालतो, म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या हिशोबाने आम्ही विष विकतो :) राग नाही, पण दोन गोष्टी सांगतो. डेअरी भाव ठरवते फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), गायीच्या दुधाला ३.५ आणि ८.५ टक्के धरून. ए१ आहे का ए२ हे तिथं कुणी विचारत नाही. देशी गाय चांगलीच हो, आमच्या दारात एक खिलार आहे, पण खिलार मुळात बैलासाठी सांभाळलेली जात, वासरू पिऊन घरापुरतं दूध निघालं तरी खूप. गीर देते बरं दूध, पण शहरात ए२ म्हणून जेवढं दूध खपतं तेवढ्या गीर गाया कुठं बांधल्यात ते मला एकदा बघायचंय. आणि म्हशीचं दूध ए२ च असतं बरं का, ते तर आपण पिढ्यान्‌पिढ्या पितोय, ए२ म्हणून त्याला कधी कुणी जादा पैसे दिले नाहीत.

दूध कुणाचंही घ्या, उकळून घ्या. थेट गोठ्यातून आणलेलं निरसं दूध लेकराला पाजू नका, ब्रुसेला (गुरांकडून माणसाला होणारा आजार) झालेली माणसं मी डोळ्यांनी बघितलीत, महिना महिना ताप हटत नाही.

आटपाट_नगर:
>>देशी गायीचं ए२ लावू
ए१-ए२ मधला फरक म्हणजे बीटा केसीन नावाच्या प्रथिनात ६७ व्या जागेवर एक अमिनो आम्ल वेगळं, बस. ए१ पचताना बीसीएम-७ नावाचा तुकडा सुटतो आणि त्याने मधुमेह, हृदयविकार वगैरे होतात अशी थिअरी होती. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ मध्ये सगळे अभ्यास चाळले, त्यांना तसा कार्यकारणभाव सापडला नाही. आपल्याकडे एफएसएसएआयने (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरण) ऑगस्ट २०२४ मध्ये पाकिटावरचे ए१-ए२ दावे काढून टाका म्हणून पत्रक काढलं आणि आठवडा व्हायच्या आत मागे घेतलं, त्यामुळे लेबलं होती तशीच राहिली. काही लोकांना ए२ ने पोटाला जरा बरं वाटतं असे छोटे अभ्यास आहेत, ते असू दे. पण उंबरठा, तुझ्या लेकाचा प्रश्न लोहाचा आहे आणि गीर गायीच्या दुधातही लोह तितकंच नगण्य असतं. शंभर रुपयांचं लिटरभर पाजलंत तरी रिपोर्ट हाच येणार.

चष्मेवाली:
जाऊबाईंना माझा पाठिंबा. दूध सोडून मला बरीच वर्षं झाली, काही अडलं नाही. २०१४ चा स्वीडनचा मोठा अभ्यास वाचा, जास्त दूध पिणाऱ्या बायकांमध्ये फ्रॅक्चर आणि मृत्यू दोन्ही जास्त निघाले. हाडं मजबूत होतात म्हणे!

पिंगळा:
@चष्मेवाली, तो अभ्यास खरा आहे, पण निरीक्षणाचा. जास्त म्हणजे दिवसाला तीन किंवा जास्त ग्लास, आणि दुधामुळेच झालं असं त्यांनी स्वतःही ठामपणे म्हटलेलं नाही. दही आणि चीजच्या बाबतीत त्याच अभ्यासात उलटं चित्र होतं. आपण मोठ्या माणसांनी दूध नाही घेतलं तर चालतंच, नाचणी, तीळ, राजगिरा यांतून कॅल्शियम मिळतं. पण शाकाहारी माणसाला बी१२ दूध-दही-अंड्याशिवाय जेवणातून मिळणं कठीण, दूध सोडणाऱ्यांनी ते तपासून घ्यावं. आणि अडीच वर्षांच्या मुलाला बदामाचं दूध म्हणजे बरंचसं पाणीच, प्रथिनं अगदी कमी. दुधाच्या जागी ते देऊ नये.

उंबरठा, तुझं पोट फुगतं त्याचा नि लेकाचा संबंध नाही. दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारं एन्झाइम लहानपणानंतर जगातल्या बहुतेक माणसांत कमी होत जातं, आपल्याकडे उत्तरेपेक्षा दक्षिणेत जास्त. तो आजार नाही. दह्यात विरजणाचे जंतू काही लॅक्टोज आधीच खाऊन टाकतात म्हणून तुला दही चालतं. असं असूनही बऱ्याच जणांना एका वेळी कपभर, त्यात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं, जेवणाबरोबर घेतलं तर चालून जातं. रिकाम्या पोटी ग्लासभर मारू नकोस. दुधाची ॲलर्जी हे वेगळं प्रकरण, त्यात अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात, लहान बाळांच्या शीतून रक्त जातं, तिथे मग म्हशीचं नि बकरीचंही सहसा चालत नाही.

ताकपिती:
अगदी हेच माझ्या मुलीचं झालं होतं, आम्ही न्यू जर्सीला असतो. इकडे वर्ष पूर्ण होईपर्यंत गायीचं दूध प्यायला देऊच नका म्हणतात, नंतर फुल फॅट द्या पण दिवसाला १६ ते २४ औंस, म्हणजे साधारण पावणेपाचशे ते सातशे मिली, त्यावर नाही. आणि बाटली दीड वर्षापर्यंत सुटलीच पाहिजे यावर डॉक्टर फार कडक. मला वाटतं दुधापेक्षा बाटलीच तोडायला अवघड गेली.

आम्ही काय केलं, एकदम बंद नाही केलं. आधी मधली बाटली काढली, तिच्या जागी पाणी आणि हातात काहीतरी खायला. मग दूध फक्त पेल्यातून, आणि जेवणाआधी दीड-दोन तास अजिबात नाही. पहिले काही दिवस नुसता आकांत. माझ्या आईने भारतातून फोनवर मला कसाई म्हटलं. पण भूक लागली की मुलं खातात, खरंच. आजीला कामाला लाव, त्यांना दूध तोडायचं म्हणू नकोस, अळिवाचे लाडू नि खजूर भरवायचं खातं त्यांच्याकडे दे. माझ्या आईचा विरोध तिथेच मावळला.

उंबरठा:
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद! कॅलरीचा हिशोब नवऱ्याला वाचून दाखवला, त्याने ए२ चा विषय गुपचूप बंद केलाय. सासूबाई अजून फुगलेल्या आहेत पण अळीव भिजत घातलेत, म्हणजे गाडी रुळावर येतेय. मधल्या दोन बाटल्या गेल्या, रात्रीची जात नाहीये. दोन शंका, सिरप तो थुंकतो, दुधात मिसळून दिलं तर? आणि शी एकदम काळी होतेय, घाबरायचं का?

पिंगळा:
दुधात नको, मग घेतलेल्या लोहाचा अर्धा उपयोग जातो. दूध आणि सिरप यांत दोन तास तरी ठेवा, शक्यतो उपाशीपोटी, लिंबूपाणी किंवा संत्र्याच्या रसाबरोबर, सी व्हिटॅमिनने लोह चांगलं शोषलं जातं. जेवणातही तेच, पोह्यावर लिंबू पिळा, डाळीत टोमॅटो घाला, अंडं चालतं ते द्याच. थुंकतो तर ड्रॉपरने गालाच्या आत मागच्या बाजूला सोडा, दातांवर डागही कमी पडतात. काळी शी लोहाने होतेच, डांबरासारखी चिकट किंवा लाल दिसली तरच डॉक्टरांना फोन. हिमोग्लोबिन नॉर्मलला आलं म्हणून सिरप लगेच थांबवू नका, साठा भरायला त्यानंतरही दोन-तीन महिने लागतात, कधी बंद करायचं ते डॉक्टरांना ठरवू दे. आणि सिरपची बाटली त्याच्या हाताला लागेल अशी अजिबात ठेवू नका, गोड असतं, मुलं एका दमात पितात आणि लोहाचा ओव्हरडोस लहान मुलांत जिवावर बेततो.

ताकपिती:
रात्रीच्या बाटलीचं, रोज थोडं दूध कमी थोडं पाणी जास्त करत गेलो, शेवटी नुसतं पाणी उरलं तेव्हा तिनेच फेकून दिली. दात घासल्यावर दूध द्यायचं नाही हे पण डेंटिस्टने सांगितलेलं.