‘सरपंच’ की ‘अध्यक्ष’? बेळगावकडे काय लिहावं

प्रश्न (खानापूर तालुका)
आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या प्रमुखाला कोणी सरपंच म्हणतं, कोणी अध्यक्ष, म्हातारी माणसं अजून ‘चेअरमन’. लिहिताना काय घ्यावं? सरपंच हा आपला जुना शब्द, तोच ठेवावा असं मला वाटतं.

उत्तर (बेळगाव तालुका)
दादा, बोलताना खुशाल म्हणा, पण बातमीत किंवा अर्जात ‘अध्यक्ष’च लिहा. ‘सरपंच’ वाचलं की सीमेपलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजची, म्हणजे महाराष्ट्राची रीत डोळ्यांपुढे येते. महाराष्ट्रात २०१७ ला सरपंच थेट मतदारांतून निवडायला लागले, २०२० ला ते थांबलं, २०२२ ला परत सुरू झालं. आपल्याकडे १९९३ च्या कर्नाटक कायद्याने मतदार फक्त सदस्य निवडतो. मग सदस्य आपल्यातूनच अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडतात, ते पद कोणत्या प्रवर्गाला राखीव आहे ते पाहून. डिसेंबर २०२० च्या निवडणुकीनंतर या दोन पदांची मुदत अडीच वर्षांची होती.

म्हणून क्रियापदही जपा. सदस्य ‘निवडून येतो’, अध्यक्षपदी ‘निवड होते’. ‘अमुक जण अध्यक्ष म्हणून निवडून आले’ असं छापलं की लोकांनी त्यांना त्या पदासाठी मत दिलं असा अर्थ होतो, आणि तो खरा नाही.

आणखी एक. इथे साधारण ४०० लोकसंख्येला एक सदस्य, आणि एका पंचायतीत बहुधा दोन-तीन गावं. अध्यक्ष शेजारच्या गावचा असू शकतो. ‘गावचा सरपंच’ इथे बसतच नाही.

उत्तर (निपाणी)
म्हाताऱ्यांना चूक ठरवू नका. १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, तेव्हा सरपंच. १९५९ च्या म्हैसूर कायद्यात चेअरमन. १९८३ च्या कायद्याने मंडल पंचायती आल्या, १९८७ ला त्यांच्या निवडणुका झाल्या, तेव्हा ‘प्रधान’. गावाचा इतिहास लिहिणाऱ्याने साल बघून शब्द घ्यावा.

प्रश्न (खानापूर तालुका)
पटलं. आता उभं राहायचं तर त्याच वॉर्डात मत असावं लागतं का?

उत्तर (बेळगाव तालुका)
नाही. वय २१ पूर्ण आणि त्या पंचायतीच्या मतदारयादीत कुठल्याही वॉर्डात नाव, एवढं पुरतं. राखीव जागेला त्या प्रवर्गातलं असावं लागतं. महाराष्ट्रातली दोन अपत्यांची अट इथे नाही, ती पलीकडच्या पाहुण्यांकडून ऐकून कोणी मागे फिरू नये. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्हही नसतं, तेव्हा ‘पक्षाचा उमेदवार’ न लिहिता ‘पक्षसमर्थित’ किंवा ‘पॅनेलचा’ लिहा.

निवडणुकीची सूचना कानडीत लागते. तिथलं ‘नामपत्र’ म्हणजे आपला उमेदवारी अर्ज, ‘मीसलाती’ म्हणजे आरक्षण. पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या बायकांना हे शब्द आधीच सांगून ठेवा. निम्म्या जागा त्यांच्या आहेत, आणि अर्ज त्यांनी स्वतः वाचून सही करावी, घरच्यांच्या भरवशावर नव्हे. मला या सगळ्या चर्चेत हेच मोठं वाटतं.

उत्तर (बेळगाव शहर)
शहरातही तेच व्याकरण. ५८ प्रभागांतून नगरसेवक निवडून येतात, महापौरांची मात्र निवड होते, तीही एका वर्षासाठी. त्या मतदानात आमदार-खासदारही असतात, म्हणून ‘नगरसेवकांनी महापौर निवडला’ हेही अपुरं. ‘सभागृहाने निवडला’ लिहा.