मालिका सुरू करतानाच शेवट ठरवायला पाहिजे, पटतंय का?

गंगापूररोडकर

मंडळी, आधीच सांगतो, मी मालिका मनापासून बघणारा माणूस आहे. आभाळमायाच्या वेळी शाळेत होतो, सुधा जोशीचं काय होणार म्हणून आईबरोबर मीही जागा असायचो. म्हणजे "मालिका म्हणजे टाईमपास" म्हणणाऱ्यांतला मी नाही, आणि म्हणूनच हे लिहितोय.

परवा रात्री जेवताना मोबाईलवर टायमर लावून एक भाग बघितला. कुठल्या मालिकेचा ते महत्त्वाचं नाही. जाहिराती सोडून २२ मिनिटं आली. त्यातली पहिली दोन मिनिटं आदल्या दिवशीचीच. मग सून जिन्यावरून खाली येते, हातात आरतीचं ताट, खाली सासू उभी, आणि ती म्हणते, "आई, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय." झालं, सगळे वळले. सासू, सासरे, दीर, जाऊ, आत्या, नणंद, कामाच्या मावशी, एकेकाचा चेहरा जवळून आणि प्रत्येकावर तो ढँण आवाज. मोजले मी, सात चेहरे. तेवढ्यात फोन वाजला आणि सांगायचं राहिलं. भाग संपला तरी ताटातलं निरांजन तसंच जळत होतं, तेल कमी नाही, वात तसूभर जळलेली नाही.

आता माझा मुद्दा. २०१२ ला एका लग्नाची दुसरी गोष्ट आली होती, घना आणि राधा, मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी. कॉन्ट्रॅक्ट मॅरेज. घरच्यांसाठी खोटं लग्न आणि मग खरंच प्रेम होतं. जानेवारीत सुरू झाली, त्याच वर्षी संपली. आजही लोक तिचं नाव काढतात. ठरलं तर मग या मालिकेतली गाठ तीच आहे बघा, सायली आणि अर्जुन, कॉन्ट्रॅक्ट मॅरेज, घरच्यांपासून लपवलेलं. डिसेंबर २०२२ ला सुरू झाली आणि मला जाम आवडली, जुई गडकरी नुसती गप्प उभी असली तरी सायलीच्या मनात काय चाललंय ते कळतं. पण सायलीला आश्रमात वाढवणाऱ्या मधुभाऊंची खुनाची केस दोन वर्षांहून जास्त चालली. सायली हीच लहानपणी हरवलेली खरी तन्वी हे आपल्याला सुरुवातीपासून माहीत, आणि घरातल्यांना ते कळू नये म्हणून वर्षानुवर्षं कसरत. कधी पुरावा हरवतो, कधी कोणी बेशुद्ध पडतं, कधी दरवाज्याआडून ऐकणारी बाई नेमकं अर्धंच ऐकते.

मला वाटतं चॅनलने पहिल्याच प्रोमोत सांगावं, ही गोष्ट ३०० भागांची आहे किंवा ४०० भागांची, आणि मग टीआरपी कितीही असो तिथे संपवावी. अग्निहोत्र आठवतंय ना? २००८ ला स्टार प्रवाह सुरू झालं तेव्हाची, आपल्या नाशिकच्या वाड्यातली गोष्ट, विक्रम गोखले त्या वाड्यात. आठ गणपतींचा शोध म्हटल्यावर गोष्टीला कधीतरी थांबायचंय हे बघणाऱ्यालाही माहीत होतं, त्यामुळे एक भाग चुकला तर जीव खालीवर व्हायचा. आता महिनाभराने बघा, सून जिन्यातच असते.

जेलरोडची_सून

दादा, तुमचं लिहिलेलं सगळं वाचलं आणि अजिबात पटलं नाही.

माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. तीन वर्षांपूर्वी पॅरालिसिस झाला, उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं समजतं. दिवसभर खिडकीकडे तोंड करून पडून असतात, पण संध्याकाळचे सात वाजले की डाव्या हाताने पलंगाच्या कडेवर टकटक करतात, म्हणजे मला उठवून बसव. पाठीला दोन उशा, एक उशी उजव्या हाताखाली, चष्मा पुसून द्यायचा, की मग साडेनऊपर्यंत त्या माणसांत असतात. तुम्ही टायमर लावून मोजलेले सात चेहरे आहेत ना, त्यांना ते लागतात हो. मध्येच डोळा लागतो त्यांचा, उघडतो तेव्हा कोण कोणावर चिडलंय ते त्या चेहऱ्यांवरूनच कळतं. आणि तुम्हाला फुकट वाटलेली ती आदल्या दिवशीची दोन मिनिटं नसली तर त्यांना काहीच लागत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये ठरलं तर मग मधली पूर्णा आजी करणाऱ्या ज्योती चांदेकर गेल्या. मी सांगितलं नव्हतं घरात, शेजारच्या काकूंनी येऊन सांगितलं. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत नीट. "माझ्याहून लहान होती," एवढंच म्हणाल्या, आणि त्यांचं एवढं स्पष्ट वाक्य मी कित्येक महिन्यांनी ऐकलं. हे ३०० भागांत होतं का सांगा. माणूस रोज घरात आला तरच घरातला होतो.

आणि आणखी एक. आई कुठे काय करते ही अरुंधतीची मालिका ठरवून संपवली असती तर कुठे संपवली असती तुम्ही?

गंगापूररोडकर

ताई, तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा. तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहावंसंच वाटलं नाही.

पण विचारलंयत म्हणून सांगतो. अरुंधती घटस्फोट घेऊन स्वतःच्या पायावर उभी राहते, तिथे. ज्या बाईने पंचवीस वर्षं सगळ्यांचे डबे भरले ती पहिल्यांदा स्वतःसाठी बाहेर पडते, तिथे मी संपवली असती. शिवाय ती मूळ बंगाली श्रीमोयीवरून घेतलेली, श्रीमोयी २०२१ च्या शेवटी संपली सुद्धा. आपली नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली. जिची मूळ गोष्टच संपलेली ती पुढे तीन वर्षं कशाच्या जोरावर चालवायची?

जेलरोडची_सून

तिथेच तर चुकताय. तुम्ही म्हणता तिथे संपली असती तर अरुंधती आणि आशुतोषचं लग्न दिसलं असतं का? मोठी मुलं, नातवंडं असलेली बाई दुसरं लग्न करते, सासू विरोध करते, मुलगा बोलत नाही, आणि ती तरी करते. ते भाग चालू असताना आमच्या सोसायटीत हळदीकुंकवाला दुसरा विषय नव्हता. एक बाई, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, तिने सगळ्यांसमोर विचारलं, "मी केलं असतं तर तुम्ही आला असता का लग्नाला?" कोणी पटकन हो म्हणालं नाही, पण प्रश्न विचारला गेला ना. तो प्रश्न तुमच्या ठरवलेल्या शेवटानंतर आलाय, दादा.

गंगापूररोडकर

हे मान्य. पूर्ण मान्य, हे मी धरलंच नव्हतं. पण मग त्याच आशुतोषला अपघातात मारून टाकलं ना पुढे! एवढ्या कष्टाने त्या बाईला सुख दिलं आणि रोज काहीतरी घडायला पाहिजे म्हणून ते काढून घेतलं. शेवट ठरलेला असता तर ते करावं लागलं नसतं, असं मला अजूनही वाटतं, आणि त्याचा रागही आहे मला.

सिडकोचा_केबलवाला

मी केबलच्या लाईनवर काम करतो, पंधरा वर्षं झाली. संध्याकाळी सात ते नऊ एखाद्या बिल्डिंगचं कनेक्शन गेलं तर फोनवर फोन, मॅच असली तर पोरांचे येतात पण मालिकेच्या वेळी सगळे आजी, काकू, आणि "किती वेळ लागेल" हे विचारताना आवाजात जी काळजी असते ती घरी पाणी आलं नाही तर पण नसते. तेव्हा जेलरोडच्या ताई म्हणतात ते खरंय.

पण शेवट कोण ठरवतो ते समजून घ्या. लोकांना वाटतं आपण बघतो म्हणून टीआरपी येतो. तसं नाहीये. बार्क नावाची संस्था आहे, तिचे मीटर सगळ्या देशात मिळून पन्नास-साठ हजाराच्या आसपास घरांत. त्या घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर स्वतःचं बटन असतं, टीव्हीसमोर बसलं की दाबायचं, उठलं की दाबायचं. चॅनलच्या आवाजात कानाला न ऐकू येणारा कोड घातलेला असतो, मीटर तो पकडतो. दर गुरुवारी आकडे. ताईंच्या सासूबाई तीन वर्षं रोज बघतायत, पण घरात मीटर नसेल तर आकड्यात त्या नाहीतच, आणि गंगापूररोडकर वैतागून टीव्ही बंद करतील ते पण त्यात नाही. बाकीच्यांनी कितीही भांडावं, गुरुवारचा कागद बघून मालिका वाढते नाहीतर कापली जाते. म्हणून ३०० भाग आधी जाहीर करणं चॅनल कधी करणार नाही, चालणारं दुकान तारीख सांगून कोण बंद करतं?

कालिदासची_मागची_रांग

मी हौशी नाटकवाली, राज्य नाट्य स्पर्धेत कामं केलीत, आमच्या ग्रुपमधली दोन मुलं आता ठाण्याला घोडबंदरच्या सेटवर असतात म्हणून थोडं आतलं माहीत आहे. शेवट ठरवणं कागदावर सोपं आहे हो. आठवड्याला सहा भाग लागतात, कधी सात. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि सकाळी मेकअप करताना हातात सीन येतो. बारा-तेरा तासांची शिफ्ट. एखाद्या कलाकाराला डेंग्यू झाला की ट्रॅक बदलला. एप्रिल २०२१ मध्ये इथे शूटिंग बंद झालं तेव्हा सगळी युनिट गोव्याला, दमणला, सिल्वासाला गेली आणि अख्खी कुटुंबं अचानक रिसॉर्टमध्ये राहायला गेलेली दाखवावी लागली, ते कुठल्या लेखकाने आधी ठरवलं असेल? जानेवारी २०२५ मध्ये तेजश्री प्रधान प्रेमाची गोष्ट मधून बाहेर पडली, तिच्या मुक्ता या भूमिकेत स्वरदा ठिगळे आली, त्याच वर्षी मालिका संपली. स्वरदाने जीव तोडून काम केलं पण लोकांनी नायक सागरशेजारी तेजश्रीची मुक्ताच मनात धरली होती.

माझं मत तिसरंच आहे. लांब असू दे, पण मालिकेतल्या माणसांना काम द्या. वकील आहे, डॉक्टर आहे, कंपनीची मालकीण आहे, आणि कोणी दुपारी ऑफिसात नाही. हजार भाग हातात आहेत ना, मग बाई नवीन नोकरीत पहिला महिना कसा काढते, पगार झाल्यावर घरात काय देते, काय मागे ठेवते, हे दाखवा की. अरुंधतीचे पहिले कमावलेले पैसे हातात आले तेव्हा मी रडलेय, आणि त्या भागात कोणी जिन्यावरून पडलं नव्हतं.

मखमलाबादकर

वरचं वाचून लिहितोय, द्राक्षवाला आहे मी. रात्री मोटारीच्या लाईटीची वाट बघत मळ्यात बसतो तेव्हा मोबाईलवर बघतो मालिका, बायको घरी टीव्हीवर बघते, सकाळी चहाला दोघांची चर्चा.

कोल्हापूरला तुझ्यात जीव रंगला मधला राणादा मिळाला, साताऱ्याला लागिरं झालं जी, कोकणाला रात्रीस खेळ चाले मधले अण्णा नाईक. आपल्या नाशिकची अनिता दाते इतकी भारी अभिनेत्री, पण माझ्या नवऱ्याची बायको मध्ये राधिका म्हणून बोलली नागपूरचं. अग्निहोत्रचा वाडा आपला होता हे कबूल, पण वाड्याबाहेरचं नाशिक कुठाय? आणि गंगापूररोडकर, तुम्हाला शेवट पाहिजे ना, मग द्राक्षाची मालिका काढा. ऑक्टोबरची छाटणी झाली की काढणीपर्यंत धरा १२० ते १३० दिवस. फुलोऱ्यात पाऊस आला तर डाऊनी, म्हणजे बुरशीचा रोग, रात्री दोनला उठून पावडर मारायची, मणी फुगायच्या वेळेला कडाक्याची थंडी पडली तर बागेत शेकोट्या, आणि माल तयार झाल्यावर व्यापारी भाव पाडतो. यात कटकारस्थान करणारी आत्या नको का काय नको. मार्चला बाग रिकामी झाली की गोष्ट थांबते आणि पुढच्या छाटणीला तेच घर, तीच माणसं, परत सुरू. ताईंच्या सासूबाईंना माणसं पण राहतील आणि तुम्हाला शेवट पण मिळेल.

गंगापूररोडकर

हे फार आवडलं भाऊ. मी ३०० भाग म्हणत होतो तेव्हा हंगामाचा विचारच केला नव्हता.

ताई, एक विचारू का? शक्य असेल तर सासूबाईंनाच विचारा ना, त्यांना काय वाटतं, मालिका संपावी का.

जेलरोडची_सून

विचारलं आज दुपारी, जेवण भरवताना. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हळूहळू सांगितलं, मी जोडून जोडून लिहितेय. म्हणाल्या, अरुंधती गेली तेव्हा वाईट वाटलं, पण आधी कळलं होतं, शेवटच्या आठवड्यात रोज बघून घेतली. राग आहे तो दुसऱ्या एका मालिकेचा, ती टीआरपी नाही म्हणून चार दिवसांत गुंडाळली. त्यातल्या मुलीचं बाळ दवाखान्यात होतं. एकदम सगळे हात जोडून उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी त्या वेळेला नवीनच घर, नवीनच माणसं. "त्या बाळाचं काय झालं?" हे त्या मला अजून विचारतात. आज पण विचारलं.

गंगापूररोडकर

मग माझी मागणी बदलतो. ३०० भागांचा हट्ट सोडला. पण संपवायची असेल तर महिनाभर आधी सांगा, टीआरपी असो नसो लेखकाला तेवढे भाग द्या, आणि दवाखान्यात कोणाला ठेवून जाऊ नका. लांबवायचीच असेल तर नवीन काही घडवा, आशुतोषसारखी मिळालेली माणसं मारू नका. जिन्यातल्या सुनेवर मात्र मी ठाम आहे, तिला जे सांगायचंय ते तिने त्याच भागात सांगायला पाहिजे.

जेलरोडची_सून

महिनाभराचं पटलं. सात चेहरे मात्र राहू द्या. पावणेसात झालेत, उशा लावायला जाते.