कुंड्यांभोवतीच्या बारीक चिलटांवर उपाय सुचवावा

प्रश्न :
पावसाळा सुरू झाल्यापासून पुण्यातील आमच्या घरात बारीक काळी चिलटे फार वाढली आहेत. मनीप्लांट आणि स्नेक प्लांटच्या कुंड्यांना हात लावताच ती मातीतून उठतात आणि संध्याकाळी दिव्याभोवती फिरतात. घरात तान्हे मूल असल्याने कीटकनाशक फवारायचे नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ :
फळांवरची चिलटे असती, तर ती केळ्यांभोवती दिसली असती. ज्या अर्थी ती मातीतून उठतात, त्या अर्थी त्यांची पैदास कुंडीतच होत आहे. उडणारे चिलट जेमतेम आठवडाभर जगते. खरा उपद्रव मातीच्या वरच्या एक-दोन इंचांतील अळ्यांचा असतो, कारण त्या बुरशी, कुजका पाला आणि प्रसंगी कोवळी मुळेही खातात. म्हणून मातीत बोट खुपसून पाहावे, वरचा थर कोरडा लागेपर्यंत पाणी घालू नये आणि कुंडीखालच्या बशीत साठलेले पाणी ओतून टाकावे. स्नेक प्लांटला तर पावसाळ्यात पंधरा दिवस पाणी दिले नाही तरी काही बिघडत नाही. मातीलगत पिवळे चिकट सापळे अवश्य लावावेत, मात्र त्यांत केवळ उडणारी चिलटे अडकत असल्यामुळे तेवढ्यावर भागत नाही. अंड्यापासून चिलट होण्यास तीन-चार आठवडे लागतात, तेव्हा महिनाभर तरी चिकाटी ठेवावी.

प्रतिसाद २ :
वरील सल्ल्याशी सहमत आहे. पाणी कमी करूनही फरक पडला नाही, तर बीटीआय (बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस) हे अळ्या मारणाऱ्या जिवाणूचे जैविक औषध पाण्यात मिसळून दर आठवड्याला मातीत घालावे. हा जिवाणू १९७६ साली इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडला आणि डासांच्या अळ्यांसाठी तो जगभर वापरला जातो. दुकानात नुसते ‘बीटी’ मागू नये. पतंगांच्या अळ्यांवरचा दुसराच प्रकार हाती पडतो आणि त्याचा येथे उपयोग नाही. निंबोळी पेंड अनेक जण सुचवतात, परंतु ओल्या मातीवर पसरलेल्या पेंडीलाच बुरशी धरते, असे माझे मत आहे.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. औषध सर्वच कुंड्यांना द्यावे लागेल का?

प्रतिसाद २ :
आधी प्रत्येक कुंडीत मातीवर कच्च्या बटाट्याची चकती ठेवून दोन-तीन दिवसांनी उलटून पाहावी. जिच्या खाली काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या दिसतील, त्या कुंडीपासून सुरुवात करावी.