नागपूरच्या उन्हाळ्यात वॉटरकलर ब्रशखालीच वाळतोय, काय करू?

नमस्कार मंडळी,

दिवाळीपासून रोज रात्री ओटा आवरला की अर्धा तास वॉटरकलर घेऊन बसते. चित्रं नाही, नुसती नक्षी: पानांच्या रांगा, ठिपके, एकात एक गोल. सहा नंबरच्या गोल ब्रशचं टोक कागदाला टेकवायचं, हलकेच दाबायचं आणि उचलत न्यायचं, की झालं एक पान. अशी चाळीस-पन्नास काढली की डोकं शांत होतं. आईच्या आजारपणात माझी झोप पार उडाली होती, ती या पानांमुळे परत आली. म्हणून हे सुटू नये असं फार वाटतं.

थंडीत छान जमत होतं. ओल्या हिरव्या पानाच्या देठाशी पिवळ्याचा थेंब सोडला की तो आपला आपण पसरत जायचा. तेवढं बघण्यासाठीच मी बसायची. एप्रिल लागला आणि सगळं बिनसलं. पारा ४३ च्या वर, हवा कोरडी ठणठणीत. पान पुरं होईस्तोवर त्याचं टोक वाळलेलं असतं. पिवळा मिसळतच नाही, कडेला गडद रेघ धरतो. पाणी वाढवलं तर कागद पापडासारखा फुगतो, आणि अर्धवट वाळलेल्या रंगात पाणी शिरून फुलकोबीसारखे डाग पडतात. कूलरच्या वाऱ्यात तर आणखीच लवकर वाळतं.

कागद दोन्ही बाजूंनी ओला करून फरशीच्या तुकड्यावर चिकटवून पाहिला. ओल टिकली, पण पानाची कडच राहत नाही. पहाटे पाचला बसले तर रंग जमतो, पण मला हे झोपण्याआधीच हवं आहे.

सध्या शाळेच्या ड्रॉइंग वहीचा कागद वापरते. ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड) कॉटन कागद ओल जास्त वेळ धरतो, हे खरं. पण रोजच्या नक्षीसाठी तो परवडतो का? २२ बाय ३० इंचाच्या एका शीटचे १६ तुकडे होतात, तसं कोणी करतं का? आणि रंग उशिरा वाळावा म्हणून पाण्यात ग्लिसरीनचा एखादा थेंब घातला तर वही मिटल्यावर पानं एकमेकांना चिकटतील का? ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनी कृपया सांगा. सीताबर्डी किंवा महालात असा कागद सुटा मिळत असेल तर तेही कळवा, रविवारी जाऊन घेऊन येईन.