शब्दचर्चा: रंध्रात पाणी ‘शिरतं’, ‘झिरपतं’ की ‘मुरतं’?

दांडियाबाजारकर
भाची इथे बडोद्यातच एमएस्सी करते. काही नॅनोमीटर रुंदीच्या पोकळ्यांत पाणी काय करतं, हे प्रकाशाच्या मदतीने ओळखायचं, असा तिचा विषय. तिचं इंग्रजी पोस्टर आमच्या गणेश मंडळासाठी मराठीत आणायचंय. मी शीर्षक केलं, ‘अतिसूक्ष्म छिद्रांमधील जलवर्तनाचे प्रकाशीय निरीक्षण’. आईने वाचून विचारलं, “हे पोटात घ्यायचं की चोळायचं?” सुचवा काहीतरी.

पिंपळपान
‘छिद्र’ नको, ‘रंध्र’ घ्या. छिद्र म्हटलं की आरपार भोक डोळ्यांपुढे येतं, वर छिद्रान्वेषीपणाचा वास. पर्णरंध्र शाळेतच शिकलोय सगळे. विशेषण मात्र ‘सच्छिद्र’च ठेवा. ‘सरंध्र’ लिहिलंत तर हिंदी वाटेल.

जुना बडोदेकर
‘केशिका’ का नाही? केशाकर्षण तर रूढ आहे.

पिंपळपान
काका, केस साधारण 50 ते 100 मायक्रोमीटर जाड. 5 नॅनोमीटरची पोकळी त्याच्या दहा हजारांश. तिला केशिका म्हणणं म्हणजे मुंगीच्या बिळाला बोगदा म्हणणं. केशाकर्षण हे क्रियेचं नाव म्हणून राहू द्या.

जुना बडोदेकर
बरं बाई. क्रियापद काय मग? आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीला भेज लागतो (गुजरातीतून घरात आलेला शब्द, माझी पुण्याची सून हसते), तेव्हा पाणी ‘झिरपतं’ म्हणतो. माठ ‘पाझरतो’.

काचकमल
दोन्ही सुंदर, पण दोन्हींत पाणी वाहतंय: झिरपणं आत किंवा खाली जाणारं, पाझरणं बाहेर येणारं. इथे गंमत वेगळी आहे. पाणी बाहेरून पाणी म्हणून आत जातच नाही, निदान नेहमी नाही. पाणी ज्याच्या भिंतींना चिकटतं अशा अरुंद रंध्रात हवेतल्या वाफेचं पाणी लवकर होतं. केल्विनच्या समीकरणाने हिशेब केला तर 2 नॅनोमीटर त्रिज्येच्या रंध्रात सुमारे 60 टक्के आर्द्रतेलाच. बाहेर टेबल कोरडं ठणठणीत, आत रंध्र भरलेलं! म्हणून ‘शिरतं’ चूक. भूगोलातलं ‘सांद्रीभवन’ बरोबर आहे, पण मंडपात कोण थांबून वाचणार?

मला ‘मुरणं’ आवडेल. मुरलेलं पाणी दिसत नाही, पण वस्तू बदललेली कळते. भाचीची पद्धत नेमकी हीच. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी 400 ते 700 नॅनोमीटर, त्यामुळे 5 नॅनोमीटरचं एकेक रंध्र साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसायचं नाही. दिसतो तो सगळ्या रंध्रांचा मिळून झालेला परिणाम. हवेचा अपवर्तनांक (पदार्थात प्रकाश किती मंदावतो, त्याचं माप) 1, पाण्याचा 1.33. सच्छिद्र सिलिकॉनच्या पातळ थरात हवेच्या जागी पाणी आलं की थराच्या वरून आणि तळातून परतणाऱ्या किरणांचं गणित बदलतं आणि थराचा रंग तांबड्याकडे सरकतो. साबणाच्या फुग्यावरचे रंग असतात ना, तीच जात.

दुसरं उदाहरण त्याहून मजेदार. सच्छिद्र काच पाण्याने पूर्ण भरलेली असताना स्वच्छ दिसते. वाळता वाळता मध्येच दुधाळ होते आणि पूर्ण वाळली की पुन्हा स्वच्छ! अर्धवट वाळताना रिकामी रंध्रं पुंजक्यापुंजक्यांनी एकत्र येतात, ते पुंजके प्रकाश विखुरण्याइतके मोठे होतात. नुसत्या डोळ्यांनी बघता येतं.

दांडियाबाजारकर
हे गाठियांच्या कागदासारखं झालं की! तेल लागलं की पलीकडची बातमी वाचता येते.

काचकमल
अगदी. तेलाचा अपवर्तनांक कागदाच्या तंतूंच्या जवळचा, हवेचा फार दूर. तेलाने हवा हाकलली की प्रकाश विखुरणं कमी. मंडपात हाच प्रयोग ठेवा, पोस्टरपेक्षा गर्दी होईल.

जुना बडोदेकर
‘मुरणं’ला माझी हरकत. लोणचं मुरतं, म्हणजे कायमचं बदलतं. तुमच्या काचेतलं पाणी तर उडून जातं.

काचकमल
हरकत मान्य. पण पाऊस जमिनीत मुरतो, तोही ऊन पडलं की थोडा उडतोच. शिवाय रंध्र भरतं त्याच आर्द्रतेला रिकामं होत नाही. हवा बरीच जास्त कोरडी व्हावी लागते. इतकं चिकटून बसणाऱ्याला मुरलेलं म्हणायला काय हरकत?

पिंपळपान
आणि ‘निरीक्षण’ काढा हो. थेट दिसतच नाही तर निरीक्षण कसलं? ‘सुगावा’ म्हणा. शीर्षक: ‘पाणी कुठे मुरतंय? प्रकाशाला लागलेला सुगावा’.

दांडियाबाजारकर
भाची खूश. खजिनदार मात्र म्हणतायत, वर्गणीचा हिशेब अजून लागायचाय, तोवर मंडपात ‘पाणी कुठे मुरतंय’ची पाटी नको. म्हणून ‘रंध्रांत मुरलेलं पाणी’ एवढंच छापतोय. सुगावा खालच्या ओळीत घेतलाय.