मदत हवी आहे: इंजिन बांधताना हेड बोल्ट की स्टड?

मंडळी, आमच्या जुन्या टर्बो डिझेल गाडीचं इंजिन पूर्ण खोललंय, हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड यांच्यामधलं सील) गेलं होतं. हेडचं फेसिंग (खालची बाजू घासून सपाट करणं) झालंय, आता हेड बसवायचं तेवढं राहिलंय आणि तिथेच अडलोय. कंपनीचे बोल्ट आधी टॉर्क (आवळायचा ठरावीक जोर) आणि मग 90 डिग्री अँगलने आवळायचे प्रकारातले आहेत, म्हणजे ते ताणले जातात, त्यामुळे जुनेच परत लावायचे नाहीत हे मला पक्कं माहितीये, पण मिस्त्री म्हणतात चालतात, मी काय ऐकणार नाही. नवा सेट घ्यायचाच आहे तर मग स्टडच का नको असं डोक्यात आलंय. स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला दांडा, तो ब्लॉकमध्ये हातानेच बसवायचा आणि वरून नट आवळायचा, त्यामुळे ब्लॉकच्या आट्यांवर पीळ येत नाही आणि दाबही जास्त सारखा बसतो, हे मला खरंच पटतं.

पण एक अडचण अशी की स्टड ब्लॉकमध्ये उभेच राहतात, त्यामुळे पुढे कधी हेड काढायचं झालं तर ते सरळ वर उचलावं लागेल आणि बॉनेटखाली तेवढी जागा दिसत नाही, इंजिनच उतरवावं लागेल की काय. शिवाय टॉर्क कुठला धरायचा, अँगलवाला आकडा तर स्टडला लागू नाही, स्टडवाल्याने दिलेला त्याच्याच ग्रीससकट धरायचा ना?

गाडी स्टॉकच ठेवणारे, बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवणार नाही. घाटात लोड घेऊन मात्र रोज चालते. अशा वापराला स्टडचा खर्च करावा का? कोणी स्वतः लावलेत का, आणि नंतर परत टॉर्क चेक करावा लागला का?